परवाना कोणाच्या कमरेला?

2 फेब्रुवारी 2024च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा. माझ्या मुलाला पोलिसांसमोर मारहाण झाली म्हणून मी गोळी झाडली, असे आमदारांनी त्याच रात्री वृत्तवाहिनीला सांगूनही टाकले. सहा दिवसांनी मुंबईच्या उत्तर उपनगरात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. त्यातले पिस्तूल मारेकऱ्याच्या नावावर नव्हते, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होते. म्हणजे त्या पिस्तुलालाही कुठल्या तरी कचेरीतून रीतसर शिक्का मिळालेला होता.

त्या आठवड्यापासून ‘स्वसंरक्षण’ हा शब्द ऐकला की मी आधी बोलणारा कोण आहे ते बघतो.

कायद्याने हा हक्क फार मोठ्या मनाने दिलेला आहे, हे आधी सांगायला हवे. जुन्या दंडविधानातली 96 ते 106 ही कलमे भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली, पण आशय तोच राहिला. स्वतःचाच नव्हे, दुसऱ्याचाही जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरता येते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा अॅसिडहल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. अट एवढीच की धोका समोर उभा हवा आणि बळ गरजेपुरतेच हवे. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 2010च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही तत्त्वे एकेक करून मांडली आणि संकटात सापडलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्यावर तोललेल्या प्रतिकाराची अपेक्षा धरता येत नाही, हेही बजावले. या हक्काला परवाना लागत नाही. कोयता, काठी, मिरचीपूड, हाताला येईल ते चालते. परवाना लागतो तो बंदुकीला, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला बंदुकीचा प्रश्न वेगळाच दिसत होता. व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत 1878चा शस्त्र कायदा आला आणि एका अख्ख्या देशाची शस्त्रे काढून घेतली गेली, ही जखम काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून वारंवार बोलून दाखवली गेली. अहिंसेचे पुजारी गांधीजीसुद्धा या कायद्याला इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत मोजत. 1931च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता. पुढे 1948च्या डिसेंबरात हरि विष्णू कामतांनी घटना समितीत त्याच अर्थाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा तिच्या शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यावा, सरसकट हक्क दिला तर तो नको त्यांच्याही हाती जाईल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. हे सांगणारा माणूस कोण होता? खालच्या जातींना शस्त्र धरता आले नाही म्हणून त्यांना बंड करता आले नाही, असे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये लिहिणारा. निःशस्त्र असणे म्हणजे काय हे त्या सभागृहात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! तरीही त्यांनी नकार दिला. त्या नकाराला मी फार वजन देतो.

मग 1959चा शस्त्र कायदा आला आणि नागरिकाला हक्काऐवजी अर्ज मिळाला.

हा अर्ज आज कोण भरतो? कोकणातला बागायतदार भरतो. माकडे नारळ-केळी खातात, रानडुकरे एका रात्रीत भात लोळवतात, म्हणून त्याला ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक हवी असते. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याला परवाना द्यावा, असे कलम 13 स्पष्ट सांगते. बाकीच्यांसाठी मात्र ‘सबळ कारण’ पटावे लागते. प्रत्यक्षात उलटे घडते. निवडणूक जाहीर झाली की ‘हत्यार जमा करा’ची नोटीस पहिली या बागायतदाराला येते, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने ती त्या दिवसांत निवांत चरतात.

दुसरा अर्जदार म्हणजे बिल्डर, नगरसेवक, वाळूवाला आणि पुण्याच्या आसपास मुळशी-हवेलीत जमिनी विकून पैसेवाला झालेला गुंठामंत्री. याच्या जिवाला नेहमीच धोका असतो. पॉइंट 32चे पिस्तूल कमरेला, शर्ट मुद्दाम आत खोचलेला, म्हणजे ते दिसावे. लपवायचे शस्त्र दाखवण्यासाठी घेतले जाते, हा मला या सगळ्या प्रकारातला मोठा बदल वाटतो. डिसेंबर 2024मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या हवेत गोळीबाराच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि एकट्या त्या जिल्ह्यात हजारावर परवाने असल्याचे राज्याला कळले. मग ते शंभराच्या पटीत रद्द झाले. इतके रद्द करता आले, तर देताना कोणते सबळ कारण पाहिले होते?

शिवाय एक मागचे दारही आहे. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना अपिलात मंत्रालयातून मिळवता येतो. 2025मध्ये पुण्यातल्या अशाच एका अपिलावरून बरीच धूळ उडाली. पण नावे बदलत राहतात, दार तसेच राहते.

या दोन अर्जदारांत न बसणारा एक प्रयोग 2014मध्ये झाला. 2012च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. रात्रपाळी संपवून शेअर रिक्षाने घरी जाणारी मुलगी सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर घेणार होती, असे कोणाला खरेच वाटले असेल का? नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी 2004मध्ये वस्तीतला गुंड अक्कू यादव याला भर न्यायालयात संपवले ते चाकू आणि मिरचीपूड घेऊन. तो स्वसंरक्षणाचा हक्क नव्हता, सूड होता, आणि त्याचे कौतुक मी करणार नाही. पण वर्षानुवर्षे पोलिसांकडे जाऊनही उपयोग झाला नाही, ही त्यांची तक्रार बंदुकीने सुटणारी नव्हती.

अमेरिकेचे उदाहरण हल्ली परवानावाले हटकून देतात. तिथे वारे फिरले आहे, हे खरे. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घेऊन हिंडायला खास कारण दाखवावे लागे, ती शतकभर जुनी अट सर्वोच्च न्यायालयाने जून 2022मध्ये रद्द केली, आणि शेजारच्या न्यू जर्सीनेही आपली तशीच अट सोडली. तिथल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला आता जिवाला धोका सिद्ध करावा लागत नाही. पण तिथे हा हक्क घटनेत लिहिलेला आहे आणि तो सफाई कामगारालाही आहे. आपल्याकडे अमेरिकेचा हवाला देणाऱ्याला हक्क नको असतो, शेजाऱ्याला न मिळालेला परवाना हवा असतो.

सरकारने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आणि आयुक्ताने, कोणत्या प्रकारच्या कारणासाठी किती परवाने दिले आणि किती नाकारले, याचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. आणि अपील मंत्र्यांकडून काढून निवृत्त न्यायाधीशाकडे द्यावे. दुसऱ्या कामाला नियम बदलावे लागतील. पहिल्याला एक शासन निर्णय पुरतो. तोवर वाचकांनी 1959च्या कायद्याचे कलम 14, पोटकलम 2 जरूर वाचावे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे.