आघात वेगळे, उपचारही वेगळे हवेत

बालपणीच्या आघातांचे पडसाद तारुण्यात मनोविकारांच्या रूपाने उमटतात, याविषयी तज्ज्ञांत आता फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेतील राष्ट्रव्यापी सर्वेक्षणावर आधारित एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. बालवयात सुरू होणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे ४५ टक्के विकारांचा संबंध मारहाण, हेळसांड, पालकांचे व्यसन वा आजारपण अशा प्रतिकूल अनुभवांशी असल्याचे त्यात आढळले. मात्र, हा संबंध नेमका जुळतो कसा, हा प्रश्न अनुत्तरित होता. या अभ्यासाच्या लेखकांपैकी एक असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ केटी मॅकलॉफ्लिन यांच्या पुढील संशोधनाचा रोख याच प्रश्नाकडे आहे.

सॅन दिएगो येथील १९९८ च्या गाजलेल्या अभ्यासापासून प्रतिकूल अनुभवांची बेरीज करण्याची पद्धत रूढ झाली. आकडा जितका मोठा, तितका धोका अधिक, असे हे गणित. मॅकलॉफ्लिन आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट शेरिडन यांनी २०१४ मध्ये या गणिताला छेद दिला. मारहाण, लैंगिक अत्याचार यांसारखा ‘धोका’ आणि माया, संवाद, देखभाल यांचा ‘अभाव’ या दोन निराळ्या गोष्टी असून मेंदूच्या विकासावर त्यांचा परिणामही निराळा होतो, अशी त्यांची मांडणी आहे.

अभावाचे परिणाम बुखारेस्टच्या अनाथालयांतील मुलांत ठळकपणे दिसले. तेथे १३६ मुलांवरील दीर्घकालीन प्रकल्पात निम्म्या मुलांना सोडत पद्धतीने पालक कुटुंबांत ठेवण्यात आले होते. संस्थेत दिवस काढलेल्या मुलांच्या मेंदूचे बाह्यावरण पातळ असल्याचे आणि त्याचा एकाग्रतेच्या तक्रारींशी संबंध असल्याचे आढळले. याउलट, धोक्यात वाढलेले मूल सतत सावध राहते. साध्या चेहऱ्यातही त्याला राग दिसू शकतो. अशा मुलांत वयात येण्याची प्रक्रिया लवकर सुरू होते, अभावग्रस्त मुलांत तसे दिसत नाही, असा निष्कर्ष २०२० मधील एका व्यापक आढाव्यात निघाला.

या भेदाचे महत्त्व उपचारांत आहे. भयाने ग्रासलेल्या मुलाला त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्यास शिकवणारी, पालकांनाही सहभागी करून घेणारी उपचारपद्धती उपयोगी पडते. अभावात वाढलेल्या मुलाची गरज आधी हक्काच्या माणसाची, बोलण्याची आणि शिकण्याच्या संधीची असते. अर्थात, अनेक मुलांच्या वाट्याला दोन्ही येते. त्यामुळे ही विभागणी व्यवहारात इतकी काटेकोर राहत नाही, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारतात हा विषय आता न्यायालयीन आदेशापर्यंत पोहोचला आहे. २०२२ या एकाच वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले. एवढे मनुष्यबळ आणायचे कोठून? वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींनाही नेमके प्रशिक्षण दिल्यास त्या प्रौढांच्या नैराश्यावर प्रभावी उपचार करू शकतात, हे गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने दाखवून दिले आहे. शाळांसाठीही त्या दिशेने विचार करता येईल.

मात्र, प्रशिक्षण कशाचे, हा कळीचा मुद्दा राहतो. वर्गात मागे पडणारा आणि क्षुल्लक कारणावरून हातघाईवर येणारा, अशा दोन्ही मुलांना ‘अभ्यासात लक्ष दे’ एवढाच उपदेश मिळणार असेल, तर समुपदेशकाचे पद भरल्याची नोंद तेवढी कागदावर राहील. मुलाच्या वाट्याला नेमके काय आले, हे विचारण्यासाठी लागणारा वेळ आणि समज त्या पदाला मिळते की नाही, यावरच आदेशाचे यश जोखावे लागेल.