तिन्हीसांजेची दुसरी पाळी

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी सुटल्यावर घरी येऊन, कढत पाण्याने अंगावरचा रसायनांचा वास जाईल तेवढा घालवून, दोन घास पोटात पडताच गळ्यात शिट्टी अडकवून गावच्या कबड्डीच्या मैदानाकडे निघणारा गृहस्थ ज्याने पाहिला असेल, तो त्याच्या वात्सल्याला घराच्या उंबरठ्याची हद्द घालणार नाही. स्वतःच्या मुलाचा ताप उतरल्याची खातरजमा करून निघालेला हाच माणूस, दुसऱ्याच्या मुलाचा घोटा मुरगळला की त्याला दुचाकीवर बसवून रोह्याच्या डॉक्टरांकडे नेतो. आणि ते पेट्रोल कोणत्याही मंडळाच्या जमाखर्चात दाखल होत नाही.

अशा प्रशिक्षकाला आपण शाल-श्रीफळ देतो आणि भाषणात ‘त्याग’ हा शब्द योजून मोकळे होतो. या शब्दाविषयी मला अलीकडे संशय येऊ लागला आहे. कारण ज्याला त्याग म्हणून गौरवावे, तो बहुधा त्या माणसाच्या पत्नीच्या घरखर्चातून परस्पर वसूल केलेला कर असतो.

क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांची थोरवी सांगताना शिवाजी पार्क, यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे आणि १९८८ साली तेंडुलकर-कांबळी जोडीने हॅरिस शिल्डमध्ये रचलेली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी यांची उजळणी ठरलेली. परंतु १९३२ साली मालवणात जन्मलेले आणि प्रथम दर्जाचा अवघा एक सामना, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून, खेळलेले आचरेकर त्या बँकेचे पगारी नोकर होते, ही बाब आपण तळटीपेसारखी ओलांडून जातो. द्रोणाचार्य पुरस्कार १९९० साली आला, पद्मश्री २०१० साली. चूल मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्या पगारावर पेटत होती.

कबड्डीच्या प्रशिक्षकाने अशा आधाराची अपेक्षा कोणाकडे करावी? कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ अन्वये विवक्षित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे असून, त्या कार्यांच्या यादीत, सातव्या अनुसूचीत, ग्रामीण खेळांच्या उत्तेजनार्थ द्यावयाचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत नमूद आहे. प्रशिक्षण म्हटले की प्रशिक्षक आलाच. पण मॅटवर कंपनीचे नाव छापता येते, माणसावर येत नाही, ही अडचण असावी! ज्या कारखान्यांना हे कलम लागू आहे त्यांनी दरमहा मानधनाची तरतूद करावी, आणि प्रशिक्षक आपलाच कामगार असेल तर स्पर्धांच्या हंगामात त्याला रात्रपाळीतून सूट द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

मानपान राखण्यात रोहा तालुका कधीच कंजूष नव्हता. येथे ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. शिट्टीवाल्याला सलामी नको, पाळीच्या तक्त्यात थोडा मुलाहिजा हवा. रात्रपाळीच्या आठवड्यात मुलाची शाळा सुटते तेव्हा तो अर्ध्या झोपेतून उठून मैदानाकडे निघालेला असतो, आणि मैदान सुटते तेव्हा कारखान्याची वेळ झालेली असते. त्या आठवड्यात बाप पाहावयाचा तर पोराला मैदानावरच यावे लागते. ते येते, आणि फक्कीच्या रेषेबाहेर दप्तर मांडीवर घेऊन बसते.