रस्त्यावर काय मोजायचे : वाहने की माणसे?



"रस्त्यावर कोंडी होते ना? मग सायकलींसाठी राखलेला पट्टा काढून टाका. मोटारींना एक रांग जास्त मिळेल आणि कोंडी सुटेल." हे म्हणणे कानावर पडताच पटते. नळ मोठा केला की पाणी जास्त येते, तसेच हे असणार, असे आपल्याला वाटते. पण चटकन पटणारी गोष्ट खरी असतेच असे नाही. ती मोजून पाहावी लागते. कॅनडातील टोरांटो शहराच्या नागरिकांनी हाच आग्रह धरला, आणि माझ्या मते तो अगदी योग्य होता.

हकिगत अशी आहे. टोरांटोत ब्लूर स्ट्रीट, यंग स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू हे तीन हमरस्ते आहेत. त्यांच्या कडेने सायकलींसाठी स्वतंत्र पट्टे केलेले आहेत. ब्लूर स्ट्रीटच्या एका भागावर ऑगस्ट २०१६ मध्ये असा पट्टा प्रथम प्रयोग म्हणून आखला गेला. आधीची आणि नंतरची स्थिती मोजली गेली. सायकलस्वारांची संख्या जवळजवळ दीडपट झाली. गर्दीच्या वेळी मोटारींचा प्रवास काही मिनिटांनी लांबला, हेही खरे. दुकानदारांना भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. प्रत्यक्षात ते वाढले. ही सारी माहिती समोर ठेवून नोव्हेंबर २०१७ मध्ये महापालिकेने तो पट्टा कायम केला.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने कायदा करून या तिन्ही रस्त्यांवरील पट्टे काढण्याचे ठरवले. कारण दिले वाहतुकीच्या कोंडीचे. महापालिकेने विरोध केला. पट्टे उखडायला सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर लागतील, असा तिच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. शेकडो सायकलस्वार प्रांताच्या विधानभवनापुढे जमले. सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली.

आता आपण जरा गणित करू या. समजा, मोटारींच्या एका रांगेतून दर दोन सेकंदांना एक मोटार पुढे जाते. तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे तासाला १,८०० मोटारी. चौकातला दिवा निम्मा वेळ लाल असतो असे धरले, तर उरल्या ९००. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरू. म्हणजे तासाला १,३५० माणसे पुढे गेली. या रांगेला सुमारे तीन मीटर रुंदी लागते. आता दोन मीटर रुंदीचा सायकलींचा पट्टा घ्या. त्यातून दोन सायकली शेजारी-शेजारी जातात. दोन सेकंदांचे अंतर तेच, आणि दिवाही तोच. तासाला १,८०० माणसे जातील! कमी रुंदीच्या पट्ट्यातून जास्त माणसे जाऊ शकतात, ते असे.

आणि नळाची उपमा इथे का फसते? पाण्याच्या थेंबाला मन नसते, माणसाला असते. रस्ता रुंद झालेला दिसला की पूर्वी बसने किंवा आगगाडीने जाणारे काही लोक मोटार बाहेर काढतात. पट्टा गेल्यामुळे सायकल सोडलेलेही त्यांत येऊन मिळतात. थोड्याच काळात नवी रांग भरते आणि कोंडी होती तिथेच राहते.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. १,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची ऊर्जा सुमारे १,१६,००० ज्यूल भरते. सायकल धरून ७५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची सुमारे ६५० ज्यूल. दोघांत जवळजवळ १८० पटींचा फरक! एवढा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच पट्ट्यातून न्यायच्या आणि "जपून चालवा" एवढेच सांगायचे, हे शहाणपणाचे नाही. जुलै २०२४ मध्ये ब्लूर स्ट्रीटवर सायकलींच्या पट्ट्यात बांधकामाच्या कचऱ्याची मोठी पेटी ठेवलेली होती. ती चुकवण्यासाठी एक तरुणी मोटारींच्या रांगेत शिरली आणि ट्रकखाली सापडून मरण पावली. पट्टा अडला होता तो काही मीटरच. तेवढ्याने एक जीव गेला.

न्यायालयाने हाच मुद्दा उचलून धरला. ३० जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी निकाल दिला, की पट्टे काढल्याने कोंडी कमी होईल असे पुराव्यावरून दिसत नाही. उलट माणसे जखमी होतील व मरतील. म्हणून ते काढणे हा जगण्याच्या आणि शारीरिक सुरक्षिततेच्या हक्काचा भंग ठरतो. सरकारने या निकालावर अपील करण्याचे जाहीर केले.

तुम्ही म्हणाल, मोटारवाल्यांचा वेळ जातो त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. गर्दीत अडकलेला माणूस वैतागणारच, आणि एखादा पट्टा चुकीच्या जागी आखलेलाही असू शकतो. तसे मोजणीत दिसले, तर तो जरूर हलवावा. माझे म्हणणे एवढेच, की पट्टा घालताना मोजणी केली, तशी तो काढतानाही करावी. मिनिटे मोजायची तर सर्वांची मोजा, आणि वाचलेल्या मिनिटांच्या पारड्यासमोर गमावलेले जीवही ठेवा. ज्याचा भोंगा मोठा, त्याचाच आकडा मोठा, असे होऊ नये.

हा प्रश्न दूर कॅनडाचा आहे, असे समजू नका. २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकल-मार्ग काढून ती जागा मोटारींना देण्याचे ठरले, त्यामागे युक्तिवाद हाच होता. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही, आज आपल्या मुलाला सायकलवरून शाळेत पाठवताना आईबाप दहादा विचार करतात.

तेव्हा एक काम करा. दोघा मित्रांना घेऊन शाळेजवळच्या रस्त्याच्या पदपथावर सुरक्षित जागी पंधरा मिनिटे उभे राहा. एकाने मोटारींतील, दुसऱ्याने बसमधील आणि तिसऱ्याने सायकलींवरील व पायी जाणारी माणसे मोजावीत. वाहने नव्हेत, माणसे! मग कोणी किती रस्ता व्यापला होता ते पाहा. वहीतला तो तक्ता मोठ्यांना दाखवा, नगरसेवकाला पाठवा. तुम्हाला अजून मत देता येत नाही. पण मोजता येते, आणि नीट मोजलेला आकडा बाजूला सारणे मोठ्यांनाही सोपे नसते.