जाड तेल म्हणजे मजबूत इंजिन?



गेल्या अंकातील लेखात विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी डिझेल पिकअपला सरसकट २०डब्ल्यू-५० तेल सुचवले आहे. बाहेर ४५ अंश, म्हणून तेल जाड, असा लेखकाचा हिशेब.

हिशेब चुकला आहे. बाहेर कितीही तापले तरी थर्मोस्टॅट इंजिनातले पाणी साधारण ९० अंशांच्या आसपास ठेवतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीचे. त्याआधीचा आकडा गार इंजिनात तेल किती सहज फिरते ते सांगतो, नंतरचा १०० अंशांवरचा दाटपणा. एसएई जे३०० या मानकात ४० ग्रेडची मर्यादा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स आहे. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही तेले तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. ५डब्ल्यू ‘पाण्यासारखे’ म्हणून नाकारणाऱ्या लेखकाने एवढे तरी पाहायला हवे होते.

जाड तेल पहाटे स्टार्टर मारल्यावर टर्बोपर्यंत उशिरा पोचते. वर डिझेलही थोडे जास्त जाते. झिजलेल्या, तेल पिणाऱ्या जुन्या इंजिनाला ते तात्पुरते सावरते, हे मान्य. पण ती दुरुस्ती नव्हे.

सर्वात गंभीर चूक न लिहिलेल्या गोष्टीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, आली. डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचेच तेल लागते, नाहीतर जाळी राखेने भरत जाते. डब्यावरच्या ग्रेडइतकेच तेलाचा दर्जा सांगणारे एपीआयचे अक्षर महत्त्वाचे, आणि दोन्ही गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असतात. लेखात पुस्तिकेचा उल्लेख एकदाही नाही.

– एक पिकअपमालक, सिन्नर