मोकळा तास कोणाच्या वाट्याला?

अमेरिकेतील शैक्षणिक वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच तेथील बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात एक छोटीशी जत्रा भरते. मेजांची रांग, प्रत्येक मेजामागे दोनचार उत्साही विद्यार्थी आणि पुढे हाताने रंगविलेला फलक. बुद्धिबळ, नाट्य, परिचारिकांचे मंडळ, माजी सैनिकांची संघटना, पर्यावरण, वादविवाद असे नाना प्रकारचे क्लब नव्या विद्यार्थ्याला हाक मारीत असतात. कॉलेजची माहितीपुस्तिकाही त्याला हाच उपदेश करते : केवळ वर्गात बसू नका, कोठेतरी सहभागी व्हा. हा उपदेश खोटा नाही. परंतु ज्यांना तो केला जातो, त्यांतील पुष्कळांना तास संपताच बस पकडून दुकानात, रुग्णालयात अथवा गोदामात कामावर हजर व्हावयाचे असते. उपदेश आणि घड्याळ यांच्यातील हा झगडा हाच तेथील विद्यार्थी-मंडळांचा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले असल्याने तो आपल्यालाही परका राहिलेला नाही.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था मुळात कोणासाठी निघाली, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. शिकागोनजीकच्या जोलिएट या गावी १९०१ मध्ये हायस्कुलास जोडून दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी होते अवघे सहा. घर न सोडता पदवीची पहिली दोन वर्षे पुरी करता यावीत, एवढाच त्यामागील हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांची शिक्षणासाठी रीघ लागली आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या आपल्या अहवालात अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली. आज त्यांची संख्या सुमारे एक हजार आहे; एकट्या कॅलिफोर्नियात ती ११६ आहेत. देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश विद्यार्थी तेथे शिकतात. त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश अर्धवेळ विद्यार्थी आहेत. अनेकजण पंचविशी ओलांडलेले आहेत, कित्येकांना मुलेबाळे आहेत आणि बहुसंख्य कॉलेजांना वसतिगृह नाही. म्हणजे हार्वर्ड वा येलच्या चित्रपटांतून दिसणारे विद्यार्थीजीवन येथे नाही. येथे गाडीतळ आहे, वर्ग आहे आणि पुन्हा गाडीतळ आहे.

क्लबच्या उपदेशाला शास्त्राचा आधार मिळाला तो १९७० नंतरच्या संशोधनातून. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतो, याचे उत्तर शोधताना व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्याचे कॉलेजच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनाशी नाते जुळते, तो टिकतो. ज्याचे जुळत नाही, तो गळतो. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये 'सहभागा'चा सिद्धांत मांडला. विद्यार्थी आपल्या शिक्षणात जितकी शारीरिक व मानसिक शक्ती ओततो, तितके त्याच्या पदरी पडते, असा त्याचा आशय होता. या दोन विचारांनी अमेरिकेतील विद्यार्थी-कल्याण खात्यांची भाषाच बदलली. पण लगेच १९८५ मध्ये जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी एक महत्त्वाची त्रुटी दाखविली. हा विचार प्रामुख्याने वसतिगृहात राहणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांकडे पाहून झालेला होता. घरून ये-जा करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत सामाजिक मेळापेक्षा नोकरीचे तास, पैसा आणि घरची जबाबदारी या बाहेरच्या गोष्टीच अधिक निर्णायक ठरतात, असे त्यांनी दाखवून दिले. चाळीस वर्षे उलटली, तरी माहितीपुस्तिकांनी टिंटो यांचे ऐकले आणि बीन-मेट्झनर यांना ते विसरले, असे म्हणावे लागते.

याचा अर्थ क्लब निरर्थक आहेत, असा मुळीच नाही. एखादा क्लब कसा चालतो हे पाहिले, म्हणजे त्याचे मोल कळते. काही सभासद जमवावे लागतात, घटना लिहावी लागते, एका प्राध्यापकाला सल्लागार म्हणून राजी करावे लागते आणि सर्व क्लबांच्या संयुक्त परिषदेत आपला प्रतिनिधी पाठवून विद्यार्थ्यांच्याच शुल्कातून जमलेल्या निधीचा वाटा मागावा लागतो. सभेची विषयपत्रिका, इतिवृत्त, हिशेब, मतभेद झाल्यावर मतदान आणि मतदानात हरल्यावरही पुन्हा त्याच मेजाशी बसणे, हे सारे येथे शिकावयास मिळते. लोकशाहीची ही बाराखडी कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. कॅलिफोर्नियात तर कम्युनिटी कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी बसतो. त्याच्या मतास सल्ल्याचेच मूल्य असले, तरी शुल्कवाढीचा ठराव त्याच्यासमोर मांडावा लागतो, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश घेताना आणि शिष्यवृत्ती मागताना असे काम उपयोगी पडते. दोन वर्षांच्या कॉलेजांतील गुणवंतांची 'फाय थीटा कॅप्पा' ही संस्था १९१८ पासून याच कामी आली आहे.

या लाभाची गरज कोणाला आहे, हेही आकडेच सांगतात. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या पाच विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौघांची इच्छा पुढे चार वर्षांची पदवी मिळविण्याची असते. सहा वर्षांत ती प्रत्यक्षात पदरी पडते ती सहांपैकी एकाच्या. मधल्या मजलेत जो गळतो, तो बुद्धीने कमी असतो असे नव्हे. पुष्कळदा त्याला वाट विचारण्यास कोणी नसते. कोणता विषय घ्यावा, अर्ज केव्हा भरावा, कोणत्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र मागावे, हे ज्यांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही त्यांना क्लबातल्या ओळखीतूनच समजू शकते. पण नेमका हाच विद्यार्थी चार वाजता कामावर असतो. परिणामी ज्याच्याजवळ आधीच सवड आहे त्याच्या पदरात आणखी एक पात्रता पडते, आणि ज्याला आधाराची निकड आहे तो फलक वाचून पुढे जातो. समता साधण्यासाठी निघालेल्या संस्थेत विषमतेचा हा एक नवाच झरा होय.

दुसऱ्या दोन अडचणी संस्थेच्या रचनेतूनच येतात. क्लबची पिढी येथे फार तर दोन वर्षांची असते. अध्यक्षाला काम समजू लागते न लागते तोच तो कॉलेज सोडून जातो आणि त्याच्याबरोबर अनुभवही जातो. करोनाच्या काळात, २०२० नंतर, कॉलेजे ओस पडली तेव्हा ही साखळी अनेक ठिकाणी तुटणे अपरिहार्यच होते. अशा वेळी सातत्य राखू शकतो तो प्राध्यापक. परंतु कम्युनिटी कॉलेजांतील सुमारे दोन तृतीयांश अध्यापक स्वतःच अंशकालीन आहेत. सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी वीस मैलांवरील दुसऱ्या कॉलेजात शिकवून पोट भरणाऱ्या माणसाकडून सायंकाळच्या सभेला थांबण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना ही स्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मग उपाय काय? न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ मध्ये 'असॅप' नावाची योजना सुरू केली. तिच्यात पूर्ण वेळ शिकण्याची अट होती. पण त्या अटीबरोबर शुल्काची तूट भरून दिली गेली, भुयारी रेल्वे व बसचा पास मिळाला, सोयीच्या वेळी सलग तास ठेवले गेले आणि मोजक्याच विद्यार्थ्यांना सांभाळणारा सल्लागार प्रत्येकास लाभला. योजनेची परीक्षा करताना विद्यार्थ्यांचे दोन गट कोणतीही निवड न करता पाडले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाण योजनेतील गटात ४० टक्के, तर बाहेरील गटात २२ टक्के होते. क्लबचे सदस्यत्व ही या योजनेची अट नव्हती. तिने विद्यार्थ्याला दिला तो वेळ, आणि त्याचे नाव ओळखणारा एक माणूस. 'सहभाग' या शब्दाची फोड केली तर शेवटी याच दोन गोष्टी हाती लागतात.

काही कॉलेजांनी वेळापत्रकातच दुपारचा एक तास असा राखून ठेवला आहे की त्या वेळी कोणताही वर्ग भरत नाही आणि सर्व सभा तेव्हाच होतात. उपाय साधा आहे, त्याला खर्चही फार नाही. मात्र रात्रीच्या वर्गाला येणाऱ्याच्या हाती त्यातूनही काही लागत नाही. म्हणून रात्रीच्या वर्गापूर्वीची अर्धी घटका, सल्लागार अध्यापकाला मोबदला आणि आवारातच लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्था यांची जोड हवी.

येथे कायद्याचाही एक धडा आहे. सार्वजनिक कॉलेजाला केवळ विचार पटत नाहीत म्हणून एखाद्या विद्यार्थी-संघटनेला मान्यता नाकारता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये 'हीली विरुद्ध जेम्स' या खटल्यात दिला. तो हक्क आजही अबाधित आहे. परंतु टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून आणि युटामध्ये त्याच वर्षाच्या १ जुलैपासून जे कायदे लागू झाले, त्यांनी सार्वजनिक शिक्षणसंस्थांतील विविधता-विषयक कार्यालयांवर बंदी घातली. टेक्सासच्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या संघटनांना वगळले आहे. पण ज्या कार्यालयांकडून अनेक संघटनांना जागा, निधी आणि मार्गदर्शन मिळत असे, ती बंद झाल्यावर कागदावरील सूट कितपत पुरणार? वसतिगृहाच्या विद्यापीठात विद्यार्थी एखाद्या खोलीत जमून संघटना चालवतील. गाडीतळावरच्या कॉलेजात जागा गेली की संघटना गेली. मान्यता ही हक्काची गोष्ट खरी. परंतु साधनांवाचून हक्क हा भिंतीवरच्या फलकासारखा असतो.

आता थोडे आपल्याकडे वळू. नोकरी करीत शिकणारा विद्यार्थी महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले, तेव्हा नोकरदारांना यावयास मिळावे म्हणून वर्ग सकाळी भरविले गेले. त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि तिच्यापुढे खुद्द डॉ. आंबेडकरांनी भाषण केले होते. कष्टकऱ्याला वर्गही हवा आणि सभाही हवी, हे ज्यांनी ओळखले त्यांनी वेळापत्रकापासून सुरुवात केली, हे लक्षणीय आहे. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत नेले, तेही याच जाणिवेने.

त्या मानाने नंतरची वाटचाल उलट दिशेची झाली. निवडणुकांतील हिंसाचाराच्या अनुभवानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदांवर गुणानुक्रमे नेमणूक करण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व पुन्हा मान्य केले. पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ करोना आला. निवडणुकीत मारामारी होते म्हणून निवडणूकच नको, हा युक्तिवाद नदीला पूर येतो म्हणून पाणीच नको असे म्हणण्यासारखा आहे. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, नाट्यमंडळ ही आपली मंडळे अनेक ठिकाणी उद्घाटनाचे छायाचित्र आणि समारोपाचे प्रमाणपत्र यांच्यामध्ये कोठेतरी हरवतात. आता उपक्रमांना श्रेयांक आले आहेत. त्यामुळे विद्यार्थ्याला सवड मिळेल, अशी आशा एका बाजूने करता येते. श्रेयांक हे वेळापत्रकात जागा मागण्याचे चांगले निमित्त आहे. परंतु तास न देता केवळ गुण दिले, तर हजेरीपत्रक भरेल आणि मंडळ रिकामेच राहील. विक्रोळीहून चर्चगेटला येऊन रात्री घरी परतणाऱ्या मुलीकडून, किंवा शेवटची एस. टी. चुकली तर गावी पोचू न शकणाऱ्या मुलाकडून, श्रेयांकाच्या धाकाने सहभाग वसूल करणे हा न्याय नव्हे.

विद्यार्थ्यांना यातून घेण्यासारखे एवढेच, की पाच मंडळांत नाव घालण्यापेक्षा एकाच मंडळात, आपल्या वर्गाच्या वेळेलगत जमणाऱ्या, खरोखर काम करावे. आणि वेळ नसेल तर त्याची लाज न बाळगता तो मागावा. शिक्षकांनी आणि प्राचार्यांनी विद्यार्थी उदासीन झाले, अशी तक्रार करण्यापूर्वी आपले वेळापत्रक एकदा पुढ्यात घ्यावे. आठवड्यातून एक तास सर्वांसाठी मोकळा ठेवण्यास विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. तो तास ज्या महाविद्यालयाला सापडत नाही, त्याने विद्यार्थ्यांच्या उत्साहाविषयी बोलू नये.