नवी आवृत्ती घ्यावी की जुनीच चालवावी?

बडोद्यातल्या एका मराठी घरात जेवणाच्या टेबलाशेजारी एक जुना संगणक आहे. घरातल्या सूनबाई गेली बावीस वर्षे त्यावर पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणे, मंडळाच्या स्मरणिका जुळवतात. मुलगा म्हणाला, "आई, काढ हे मोडीत. इनडिझाइन घे."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "अगं, पण त्यात आपला कुलवृत्तांत उघडेल ना?"

प्रश्न बिनतोड होता. पेजमेकर १९८५ साली आले. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. २००४ मध्ये अ‍ॅडोब कंपनीने पुढचे काम थांबवले, तरी मराठी छपाईवाल्यांकडे ते त्यानंतरही चालत राहिले. खरी अडचण फॉन्टची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतले एखादे अक्षर किंवा चिन्ह असते. तो फॉन्ट नसला की आजोबांचे नाव म्हणजे नुसती खुणांची रांगोळी!

पेजमेकरच्या ६.० पासूनच्या फायली इनडिझाइन सीएस६ (२०१२) पर्यंत उघडत. पुढच्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. जानेवारी २०२३ मध्ये टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधारही गेला. शिवाय पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले असे, आता वर्गणी. ती थांबली की फाइल आपली, पण उघडायची कशात?

म्हणून जुनेच बरे? तसेही नाही. हल्ली गिऱ्हाईक मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये धाडते आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. पत्रिका तातडीची असेल तर सगळे पुन्हा टाइप करण्यात रात्र जाते. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळणेही कठीण.

तेव्हा घाई नको. आधी प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ काढून दोन ठिकाणी ठेवावी. नंतरच सात दिवसांची मोफत चाचणी सुरू करावी आणि ती नमुन्याच्या चित्रांवर वाया न घालवता स्वतःच्या खऱ्या कामावर करावी. 'द्ध', 'ह्म', 'ऱ्य' नीट उमटतात का, हे मुद्दाम पाहावे. जुना संगणक मात्र इतक्यात भंगारात देऊ नये. महिन्याला दोन-चारच पत्रिका होत असतील, तर वर्गणीचा हिशेब बहुधा बसत नाही. रोजचे काम असेल, तर बसतो.

सूनबाईंनी वर्गणी भरली. कुलवृत्तांताचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, तेव्हा रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. सध्या सासूबाई छापील प्रत आणि लाल पेन्सिल घेऊन नावे तपासत आहेत. चाळीस पाने झाली आहेत.