न्यायालयाबाहेरची साक्ष

कॅलिफोर्नियातील मतदारांनी नोव्हेंबर २००८ मध्ये कौल देऊन समलिंगी विवाहांवर बंदी आणली. तिच्याविरुद्धचा न्यायालयीन लढा बेन कॉटनर आणि रायन व्हाइट यांनी ‘द केस अगेन्स्ट एट’ (२०१४) या माहितीपटात टिपला आहे. खटल्याच्या प्रक्षेपणास तेथील सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली होती. त्यामुळे दोन्ही अर्जदार जोडप्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्याच साक्षी वाचून दाखविल्या. त्यांच्या साध्या संसाराची हकीकत हेच या चित्रपटाचे बळ ठरले. जून २०१३ मध्ये बंदी अखेर संपुष्टात आली.

आपल्याकडे याच्या उलट घडले. एप्रिल-मे २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी थेट प्रक्षेपित झाली. साताऱ्यात वा सांगलीत बसून कोणालाही ती पाहता आली. पण तो सारा खल इंग्रजीत आणि कायद्याच्या परिभाषेत होता. जोडप्यांच्या साक्षी नव्हत्याच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. सहजीवनाला कायदेशीर दर्जा देण्याची मागणी तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

केंद्राने २०२४ मध्ये शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खात्याबाबत खुलासे केले, हे खरे. परंतु वारसा आणि दत्तक हे प्रश्न संसदेच्या दारातच थांबले आहेत. महानगरात निनावी राहता येते. जिल्ह्याच्या गावात ‘ही तुझी कोण?’ हा प्रश्न घरमालकापासून नातलगांपर्यंत सारेच विचारतात. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस आंतरधर्मीय जोडप्यांनाही जाचक ठरते, तेथे या जोडप्यांची काय कथा?

सातारा-सांगलीच्या मातीला विवाहातील बदल नवा नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने हुंडा आणि मानपान टाळून ‘गांधी विवाह’ लावले. तो बदल स्त्री-पुरुषांच्या विवाहापुरताच होता, हे मान्य. पण नवी रीत गावासमोर, गावाच्या भाषेत मांडावी लागते, हा त्याचा धडा आजही लागू पडतो. निकालाने मार्ग अडला असला तरी साक्ष द्यायची राहिली आहे. ती मराठीत नोंदविणारा माहितीपट न्यायालयात नव्हे, घराघरांत ऐकला जाईल; आणि कायदे करणारे लोकप्रतिनिधी अखेर याच घरांतून निवडून जातात.